चाळीस पावलांचा अबोला

“त्या बैलाला सांग, आज आठ मानसं जेवायला हायत. आनि कालचा रस्सा म्हंजी पानी व्हता पानी!”

भागोजीमामा कॉटेजच्या ओट्यावर बसून मोबाइलमध्ये बोलला. चाळीस पावलांवरच्या स्वयंपाकघरात दुसऱ्या मोबाइलने ते शब्दन्‌शब्द ऐकवलं. बैलासकट. तव्यापुढे उभ्या तुळशीराममामाने सुरमईची तुकडी उलटली. आरोहीने डोळे घट्ट मिटून घेतले. आता काही खरं नाही.

“चालंल की,” तुळशीराममामा म्हणाला. “बेस हाय ॲप. हेच घे.”

“नाही चालणार,” आरोही म्हणाली आणि वहीतल्या दुसऱ्या ॲपच्या नावावर काट मारली.

पहिल्यावर तिने सकाळीच काट मारली होती. त्याला पापलेट आणि पनीर यांतला फरक कळत नव्हता. दोन्ही मामांनी त्यालाही ‘चालंल’ म्हटलं होतं. ह्यांना काय, दगड दाखवला तरी चालेल.

किहीमच्या नारळाच्या वाडीत दोघा भावांचा हा धंदा होता. थोरला भागोजी कॉटेज बघायचा, धाकटा तुळशीराम खानावळ. तीन वर्षांपूर्वी पावसाळी मासेमारी बंद असताना भागोजीने पाहुण्यांना ताजं पापलेट कबूल केलं, तुळशीरामने ताटात सुके बोंबील वाढले आणि वीस माणसांसमोर दोघांचं कडाक्याचं वाजलं. तेव्हापासून अबोला. निदान त्यांच्या भाचीला, आरोहीला, असंच सांगण्यात आलं होतं. तेव्हापासून सगळे निरोप तीच पोचवत होती. पाहुणे किती, चादरी कुठल्या खोलीत, जेट्टीवर रिक्षा कधी पाठवायची. वाटेत ‘बैल’ गाळून टाकायचा, हे तिचं खास काम. “मोठा मामा म्हणतो, रस्सा जरा दाट झाला तर बरं.” एवढं गोड बोलणं मोठ्या मामाला सात जन्मांत जमलं नसतं.

आता मुंबईची नोकरी पुन्हा चालून आली होती. संध्याकाळी पाचपर्यंत हो की नाही ते कळवायचं होतं. जायची तिला फार इच्छा होती. पण ही दोन डोकी एकमेकांवर सोडून जायचं कसं? बुकिंग आलं की ज्याचा त्याला निरोप आपोआप देणारं, आणि जरा माणसासारखं देणारं, ॲप मिळालं तर जायचं. नाहीतर नाही. नकाराचं पत्र लिहून तयारच होतं.

चार वाजता ती तिसरं ॲप घालायला भागोजीमामाचा मोबाइल घेऊन ओट्यावर बसली. मामा वाडीत नारळ उतरवून घेत होता. ॲपने खानावळीचा नंबर विचारला आणि अलीकडचे कॉल आपणच समोर मांडले.

सगळ्यांत वर नाव होतं ‘तुळश्या’. आज पहाटे पाच दहा. पस्तीस मिनिटं. त्याच्याखाली काल, पाच दहा. अठ्ठावीस मिनिटं. परवा चाळीस. ती यादी सरकवत राहिली. गणपतीचे दिवस गेले, शिमगा गेला. एक पहाट चुकली नव्हती.

आरोहीने मोबाइल मांडीवर ठेवला.

आई गेली तेव्हा ती नोकरी सोडून इथे आली होती आणि मागच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडून राहिली होती. दीड महिना. ताट दाराशी यायचं, तसंच परत जायचं. डॉक्टर झाले, देव झाले. मग एका सकाळी भागोजीमामा दारात येऊन उभा राहिला. “पोरी, ऊठ. तुळशीरामला सांग, सात पाव्हनं हायत. मी त्याच्याशी बोलत न्हाय.” कुणीतरी सांगायला हवंच होतं. ती उठली. त्या दिवशी त्या चाळीस पावलांच्या तिने वीस खेपा घातल्या, आणि संध्याकाळी भूक लागली म्हणून जेवली.

पापलेटचं भांडण तिने पाहिलं नव्हतं. ते झालं असेल किंवा नसेलही. पण दोन म्हातारे तीन वर्षं रोज दिवसभर भांडले होते ते तिच्यासाठी, आणि आज प्रत्येक ॲपला ‘चालंल’ म्हणत होते तेही तिच्यासाठीच. तिला हसू आलं. मग रडू आलं. आई गेल्यापासून एवढं मनसोक्त ती पहिल्यांदाच रडली.

पावणेपाचला तिने नकाराचं पत्र पुसलं आणि दोन ओळींत होकार पाठवला. वहीत दुसऱ्या ॲपच्या नावापुढे ‘हे घ्या’ असं लिहिलं. निरोपात बैल गेला तर जाऊ दे. मग तोंड धुऊन, सवयीने, चाळीस पावलं चालत ती स्वयंपाकघरात गेली. तुळशीराममामा कांदा-खोबरं भाजत होता.

“धाकट्या मामा, मोठ्या मामाने विचारलंय, आता भांडण मिटवलं तर चालेल का?”

मोठ्या मामाने असा निरोप दिलेलाच नव्हता.

तुळशीराममामाचं उलथणं कढईतच थांबलं. त्याने तिच्याकडे पाहिलं नाही. खांद्यावरच्या पंच्याने डोळे पुसले, कांद्याला एक शिवी दिली.

“त्या बैलाला सांग,” तो म्हणाला, “तू रेवसला मुंबईच्या लाँचमंदी बसंस्तोवर न्हाय.”