दुसऱ्या डिस्कवरचा आवाज

या, असे जवळ सरकून बसा. लांब बसलं की अर्धं वाऱ्यावर जातं, आणि ही गोष्ट अर्धी ऐकण्यासारखी नाही. पांडुरंगाला स्मरून सांगतो, पदरचं काही घालणार नाही.

जळगावच्या कॉम्प्युटर वर्गात धनसिंग सर्व्हरच्या उघड्या पेटीपुढे घाम पुसत उभा होता.

पोरगा शिंदखेड्याकडचा, दूध संघात कामाला. नव्व्याण्णव साल होतं. संघ धुळ्याला नवा सर्व्हर बसवणार होता आणि तो सांभाळायला माणूस हवा होता, म्हणून धनसिंगला इथे शिकायला धाडलं होतं. आज प्रॅक्टिकल. पास झाला तर धुळं, नाहीतर पुन्हा दुधाच्या कॅनवर चिठ्ठ्या डकवणं.

लता मॅडमचा धडा सोपा होता. दोन डिस्क घ्यायच्या, सॉफ्टवेअरने त्यांची जोडी बांधायची. एकीवर असेल ते दुसरीवर उतरतं. याला रेड म्हणायचं. मग चालत्या सर्व्हरमधून पहिली डिस्क ओढून काढायची. दुसरीने काम खंड न पाडता पुढे नेलं, की पास.

"फालतू फायली आणू नका," मॅडमनी बजावलं होतं. "ज्यात जीव अडकलाय तेच आणा. त्याशिवाय हात जपून चालत नाही."

धनसिंगने पंडितमहाराजांचं कीर्तन आणलं. गावचे महाराज, परवाच्या कार्तिकात देवाघरी गेले. त्यांचा आवाज एकाच कॅसेटवर उरला होता. ती सर्व्हरमध्ये भरून झाली आणि टेपरेकॉर्डरने फीत गिळली ती गिळलीच. आता महाराज होते ते फक्त पहिल्या डिस्कवर. हे धनसिंग कुणाला बोलला नव्हता.

दुसरीवर नक्कल उतरत होती. पडद्यावरचा आकडा मुंगीच्या पावलांनी सरकत होता. शंभर होईपर्यंत हात लावायचा नाही, ही मॅडमची ताकीद.

तेवढ्यात जीप वाजली. महाराज कॉम्प्युटरातून बोलणार म्हटल्यावर गाव थोडंच घरी बसणार? शेवंताअक्का हळदकुंकवाची पुडी घेऊन सगळ्यांच्या पुढे. मागून वनाआबा, महाराजांचे धाकटे भाऊ. सारी हयात ते महाराजांच्या मागे टाळ घेऊन उभे राहिले. भाऊ गेल्यापासून टाळ खुंटीला होते.

"धनसिंग, भाऊना आवाज ह्या खोकामा शे?" आबांनी विचारलं.

"हां आबा."

"मंग माले त्याना जोडेच बसाड. माले कमी ऐकू येस."

धनसिंगने त्यांना स्पीकरशेजारी भिंतीला टेकून बसवलं. अक्कांनी पेटीला कुंकू लावलं. "हाई मशिनना पोटमा महाराज! याले नारळ फोडू का?"

"अक्का, पाणी नको! पाणी नको!" धनसिंग ओरडला आणि सगळी खोली हसली.

कीर्तन सुरू झालं. मृदंग घुमला, टाळ वाजले, आणि महाराजांचा जुन्या टेपवरचा दबका आवाज खोलीभर पसरला. घरातूनच कुणी हाक मारावी तसे वनाआबा दचकले. त्यांनी गुडघ्यात मान घातली, उपरणं तोंडावर ओढलं. म्हातारा रडतोय असं समजून लोकांनी लाजेखातर नजर वळवली.

"धनसिंग, आते राहुकाळ लागी राहिना!" अक्कांनी घड्याळ दाखवलं. "जे करनं शे ते पटकन कर. राहुकाळमा नवं काम करतस का कोनी?"

धनसिंगने पडद्याकडे पाहिलं. आकडा नव्वदीत होता. दारातून मॅडमनी खुर्च्या सरकवता सरकवता विचारलं, "भरून झालं का रे?"

"झालंच, मॅडम."

"मग ओढ."

त्याने विठ्ठलाचं नाव घेतलं आणि पहिली डिस्क ओढली. अक्कांच्या कुंकवाने बोटं माखली होती. डिस्क निसटली आणि खण्णकन फरशीवर आपटली.

धनसिंगने झडप घालून ती उचलली. ती फिरती डिस्क, आता मेली. आणि दुसरी अजून अपुरी.

टाळमृदंग थांबले. श्वास घ्यावा एवढी शांतता झाली.

आणि महाराजांनी पुढचं चरण उचललं.

ऐन जागेवर वाद्यं थांबवून नुसत्या गळ्यावर गायची महाराजांची पद्धतच होती. आवाज चढत गेला, वळणावर थरथरला, पुन्हा सावरला. गाव वेडंपिसं झालं. कुणी टाळ्यांचा ठेका धरला, कुणी एकमेकांना मिठ्या मारल्या. अक्कांनी उरलेलं कुंकू धनसिंगच्या कपाळावर फासलं. "पाह्य! मी म्हनं व्हतं ना, येळ साधनी!"

धनसिंगला रडू फुटलं. देवाने लाज राखली होती. अपुऱ्या डिस्कवर नेमकं एवढंच उतरलं होतं, आणि तेवढंच पुरलं होतं!

लता मॅडम टाळ्या वाजवत गर्दीतून पुढे आल्या. "पाय धरावेत असं काम केलंस रे! चला, धुळ्याची तयारी कर. पण तो आवाज जरा कमी कर, निकाल मला रीतसर सांगू दे."

डोळे पुसत धनसिंग स्पीकरकडे वाकला. त्याने बटण फिरवलं, अगदी शेवटपर्यंत.

आवाज कमी झाला नाही.

मायबापहो, कीर्तनात बुवांचा श्वास अडकला आणि मागून कुणी चरण अलगद उचललं, तर तोंडावर उपरणं घेऊन भिंतीशी गात बसलेल्या वनाआबांची तेवढी आठवण ठेवा.