कांड्यांची टोपली

“हे तुमचं आहे, नाना. मी चोरलं होतं.”

येबोआनं घडी केलेलं कापड म्हाताऱ्याच्या मांडीवर ठेवलं आणि स्वतः खाली जमिनीवर बसला. अकरा वर्षं हे वाक्य त्याच्या घशात अडकून होतं. एकदाचं बाहेर पडलं, तर आता हात कुठे ठेवावेत तेच त्याला कळेना.

नाना अग्यार्को त्याचे विणकामातले गुरू. रंगांची जोडणी त्यांच्यासारखी पंचक्रोशीत कुणाला साधली नव्हती. सोनेरीच्या शेजारी हिरवा कधी घ्यायचा आणि तांबडा कधी, हे त्यांनाच विचारायला लोक थेट कुमासी शहरातून यायचे. आता त्यांचे पाय गेले होते, माग सुटला होता. विणकरांचा मुखिया म्हणून उद्या त्यांच्या जागी येबोआला बसवणार होते. पण त्याआधी राजाच्या आसनासमोर शपथ घ्यायची असते, की माझ्या नावावर चालणारं कापड माझंच आहे, त्यातले रंग मीच जुळवलेत. आसनासमोर खोटं बोललेल्याचं कापड पुढे कुणी अंगावर घेत नाही.

“कोणतं रे हे?” नानांनी घडी चाचपत विचारलं.

“ज्यानं माझं नाव झालं, त्याचाच माझ्याजवळ उरलेला तुकडा. तुम्ही तापानं पडला होतात. तुमच्या मागापाशी टोपली होती. तिच्यात रंगीत सूत गुंडाळून भरलेल्या कांड्या ओळीनं लावून ठेवल्या होत्या. सोनेरी, हिरवी, तांबडी, पुन्हा हिरवी... मी ती ओळ पाठ केली आणि घरी जाऊन विणली. तुम्ही उठून बसायच्या आत ते कापड राजाकडे नेऊनही दिलं.”

येबोआच बोलत राहिला, थांबायची भीती वाटत होती म्हणून.

“सणाला राजाच्या खांद्यावर ते कापड बघून तुम्ही माझी पाठ थोपटलीत, नाना. ‘पोरा, जिंकलंस,’ म्हणालात. ओळखूनही एवढं मोठं मन दाखवलंत, त्यापेक्षा चारचौघांत थोबाडीत दिली असतीत तर बरं झालं असतं.”

त्या शाबासकीनं त्याचं जिणं हराम केलं होतं. इतक्या मोठ्या मनाच्या माणसाला आपण लुबाडलं, हे त्याला आतून पोखरत होतं. दर महिन्याला तो याम कंदांचं ओझं घेऊन या घरी यायचा. छपराचे पत्रे त्यानंच बदलून दिले होते. नानांची बायको, मा सेरवा, त्याला प्रत्येक वेळी बसवून कुटलेल्या कंदांचा फुफू आणि शेंगदाण्याचं सार वाढायची, आणि हा घास गिळता गिळता रडवेला व्हायचा. तिला वाटत असेल, सार तिखट झालं.

नाना हसायला लागले. हसता हसता खोकला आला. खोकला थांबला तेव्हा चेहऱ्यावर हसू उरलं नव्हतं.

“मोठं मन कसलं, गाढवा! मला ते कापड ओळखूच आलं नव्हतं.”

“म्हणजे?”

“तांबडा आणि हिरवा मला वेगळे दिसत नाहीत. जन्मापासून. दोन्ही मला सुकल्या पाल्यासारखेच.”

येबोआला वाटलं, म्हातारा थट्टा करतोय. “मग इतकी वर्षं विणलीत ती कापडं?”

नानांनी बाहेरच्या अंगणाकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. “बायकांनी मागावर बसायचं नाही, कांड्या तेवढ्या भरून द्यायच्या, ही आपली रीत. सेरवा कांड्या भरायची आणि टोपलीत डावीकडून उजवीकडे लावून ठेवायची. मी एकेक उचलत जायचो. कौतुक माझं व्हायचं. आसनासमोर शपथ मीही घेतली होती, बाबा. पाय गेले तेव्हा मला मुळीच नवल वाटलं नाही.”

दारात भांडं वाजलं. मा सेरवा जेवणाची ताटं घेऊन उभी होती. ती केव्हापासून उभी होती, हे विचारायचं धाडस दोघांनाही झालं नाही. तिनं ताटं खाली ठेवली, हात पुसले, नवऱ्याच्या मांडीवरचं कापड उलगडलं आणि त्यावरून अंगठा फिरवला.

“सातव्या कांडीनंतर एक काळी होती,” ती म्हणाली. “ती पाठ करायची राहिली तुझी. म्हणून इथे हिरवा असा तांबड्यावर ओरडतोय.”

येबोआची मान खाली गेली. “तुला कधी कळलं, मा?”

“त्या सणालाच.”

“मग बोलली का नाहीस?”

“तुझी चोरी सांगायची, तर आधी ह्यांचे डोळे सांगावे लागले असते.”

ती ताटं वाढायला बसली. येबोआच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि आज ते साराच्या नावावर खपवायची सोय नव्हती. गुन्हा कबूल करायला तो आला होता खरा, पण चुकीच्या माणसापुढे बसला होता.

“उद्या मी आसनासमोर तुझं नाव घेणार,” तो म्हणाला. “मुखिया नाही केलं तर नाही केलं.”

“घे. आणि काळी कांडी विसरलो होतो, तेही सांग. उगाच माझं नाव खराब नको.”

नानांनी घास उचलला होता, तो तसाच हातात राहिला. “सेरवा, ह्यानं चोरलंय हे तुला ठाऊक होतं. तरी अकरा वर्षं तू ह्याला जेवू घातलंस?”

मा सेरवानं पळीभर सार नवऱ्याच्या ताटात वाढलं.

“तुम्हाला तर चाळीस वर्षं घालतेय.”