निकी डेलसारखं

“हे ऐका, आणि अगदी असंच वाजवा,” असं म्हणत गाण्याचा निर्माता जूलियन फेअरली यानं तबकडीवर सुई टेकवली, आणि पहिल्या चार सुरांतच विल्फ टॅरंट खुर्चीत ताठ झाला.

गिटार निकी डेलची होती. म्हणजे तबकडीच्या वेष्टनावर तरी तसं छापलं होतं. कपाळावर झुलपं, ओठांवर रुसवा, वय वर्षं एकोणीस. निम्म्या इंग्लंडातल्या पोरी त्याचा फोटो उशाशी घेऊन झोपत होत्या. वाजवली होती मात्र विल्फनं. त्याचं वय बेचाळीस, नाकावर चष्मा, अंगात बायकोनं विणलेला स्वेटर. दिवसाला तीन रेकॉर्डिंग: सकाळी मार्जरीनची जाहिरात, दुपारी कुणाचा तरी प्रेमभंग, संध्याकाळी सिनेमातली मारामारी. वाजवायचं, सही करायची आणि गिटार काखोटीला मारून लंडनच्या दुसऱ्या टोकाला पळायचं. काय वाजवलं ते बस गाठेपर्यंत विसरून जायचं.

‘हे मी वाजवलंय?’ विल्फनं कान टवकारले. ‘इतकं झकास?’

सांगायची मात्र सोय नव्हती. नावाजलेल्या पोरांच्या जागी गुपचूप वाजवणाऱ्यानं तोंडाला कुलूप घालायचं, हा धंद्याचा पहिला नियम. एकदा बोललास की दुसऱ्या दिवसापासून घरचा फोन मुका.

साडेचार वाजले होते. पाचला सगळे वाद्यं खाली ठेवणार. युनियनचा नियम, त्यात मिनिटाचीही घासाघीस नाही. कोपऱ्यातल्या, गाणाऱ्यांसाठीच्या काचेच्या खोक्यात हल नावाच्या गावाहून आलेली शीला हॉब्डे उभी होती. हे तिचं पहिलं गाणं, आणि बिघडलं तर शेवटचंही. तिचं गाऊन झालं होतं, छानच झालं होतं. गिटारचा मधला तुकडा तेवढा बसत नव्हता.

लाल दिवा लागला. विल्फनं वाजवलं, एकही सूर इकडचा तिकडे झाला नाही.

“नाही हो,” काचेपलीकडच्या खोलीतून जूलियनचा आवाज आला. “फार स्वच्छ झालं. इस्त्री केल्यासारखं.”

विल्फनं पुन्हा वाजवलं. आता जूलियन स्वतः बाहेर आला. चोवीस वर्षांचा, फुलाफुलांचा टाय लावलेला भला मुलगा. त्यानं विल्फच्या खांद्यावर हात ठेवून समजावलं, की तुम्ही सांभाळून वाजवताय आणि तो पोरगा जिवावर उदार होऊन वाजवतो. दोष तुमचा नाही, ते एकेकाच्या रक्तातच असतं. ड्रमच्या मागे डग प्रिचर्डला एकाएकी खोकला लागला. निकीची तबकडी भरली त्या दिवशीही ड्रम त्यानंच वाजवले होते.

“नाहीच जमलं, तर उद्या निकीलाच बोलावतो,” म्हणून जूलियन आत गेला.

विल्फला आयुष्यात पहिल्यांदा कुणाचा तरी हेवा वाटला, आणि तो स्वतःचाच. आपलेच दात, आपलेच ओठ. पण हेव्याखाली भीती होती. ते आपल्या हातून घडलं, की एकदाच चुकून घडून गेलं? आज जमलं नाही, तर ते आपलं नव्हतंच. मग ते निकी डेलचं म्हणायलाही हरकत नाही.

डग ड्रमवरून पुढं वाकला. “लेका, त्या दिवशी तू उभा होतास.”

“उभा?”

“खुर्च्या सगळ्या व्हायोलिनवाल्यांनी पळवल्या होत्या. दिवसभर शिव्या घालत होतास त्यांना.”

विल्फला आठवलं. उभं राहिल्यावर सुरांचा कागद पार खाली राहिला होता, त्यावरचं काही दिसेना. शेवटी वैतागून त्यानं डोळे मिटून घेतले होते. वीस वर्षं कागद बघून वाजवणारा माणूस!

पाचला सात मिनिटं होती. विल्फ उठला. चष्मा काढून खिशात टाकला आणि पायानं खुर्ची मागं ढकलली. शब्दकोडं सोडवत बसलेल्या ट्रंपेटवाल्यांनी माना वर केल्या. गिटारवाला उभा राहतोय म्हणजे घरी निघाला, असंच त्यांना वाटलं.

लाल दिवा लागला. डगनं काठी आपटून चार मोजले.

पहिला सूर सुटला तेव्हाच विल्फला कळलं. बोटं त्याला न विचारता धावत सुटली होती आणि तो त्यांच्यामागून हसत पळत होता. तारा किंचाळत होत्या, डग दात ओठ खाऊन ड्रम बडवत होता, शीला खोक्यात चक्क नाचायला लागली होती. चूक होईल का, हा विचार विल्फला शिवलाच नाही. होऊ दे झाली तर! तुकडा संपला तेव्हा त्याचा स्वेटर घामानं भिजला होता. माझंच होतं ते, माझंच, असं त्याला ओरडून सांगावंसं वाटत होतं.

जूलियन धावतच बाहेर आला. “हुबेहूब! डोळे मिटून ऐकलं असतं तर निकीच वाटला असता! आज रात्री एका मेजवानीला भेटणार आहे मी त्याला. तुमच्याबद्दल नक्की सांगतो.”

डगच्या हातातली काठी खाली पडली.

विल्फनं रुमालानं कपाळ पुसलं, चष्मा चढवला आणि जूलियनकडे प्रेमानं बघितलं.

“अवश्य सांगा,” तो म्हणाला. “म्हणावं, विल्फ टॅरंटनं तुझं ते गाणं आज पहिल्यांदाच ऐकलं. त्याला फार आवडलं.”