महादूचा कुकारा

"आता डोळे मिटा. शरीर सैल सोडा. मन शांत करा," विनीता म्हणाली. एरवी ती तोंडवलीच्या तिठ्यावर खणखणीत मालवणीत भांडायची, पण योग शिकवायला लागली की तिच्या तोंडी पुस्तकी मराठी येई.

मांगरात बायका आडव्या झाल्या. कोणी चटईवर, कोणी जुन्या गोधडीवर. काजू साठवायचा हा मांगर पोती गेल्यापासून रिकामाच होता. सावित्रीने नेहमीप्रमाणे दाराजवळची जागा धरली आणि नेहमीप्रमाणे एक कान बाहेर ठेवला.

दगडी गडग्यापलीकडे तिचं घर होतं आणि घरासमोरच्या खळ्यात खुर्चीवर तिचा नवरा, महादू. झटका आल्यापासून त्याचा उजवा हात गेला होता, उजवा पाय ओढत होता. आवाज मात्र शाबूत होता. एके काळी त्याने किनाऱ्यावरून कुकारा घातला, की ती लांबलचक 'कूऽऽ' ऐकून अख्खी वाडी रापणीचं जाळं ओढायला धावायची. आता तोच कुकारा पाण्यासाठी, पंख्यासाठी, पाठीला खाज सुटली म्हणून. रात्रीसुद्धा. भिंत धरून चाला, असं डॉक्टर कानीकपाळी ओरडत होते. पण भिंतीपेक्षा बायको धरायला बरी, हे कुठल्याही नवऱ्याला कळतं.

जागून जागून सावित्रीचं प्रेशर वाढलं. "झोप येईल असं काहीतरी करा, नाहीतर त्यांच्या आधी तुम्ही पडाल," डॉक्टरांनी तिलाही बजावलं. तिने योग धरला. तारकर्लीला पर्यटकांच्या वर्गाला गेली, तर तिथे बेडूकउड्या. धाप लागून परत आली. मालवणच्या हॉलमध्ये नाकाने भाता चालवायला लावत. ते जमलं असतं, पण डोळे मिटले की महादू खुर्चीतून पडलेला दिसे. मोबाइलवर बघून घरी करावा, तर हात वर नेला की कुकारा. शेवटी शेजारच्या ईडाने तिला या मांगरात ओढून आणलं. "काय जमला नाय तर नुसती पड," ईडा म्हणाली होती.

आज ती नुसती पडली होती. विनीता मनातल्या मनात आकडे मोजत असताना दाराजवळून एक बारीक आवाज आला. मग मोठा आला. सावित्री तोंड उघडं टाकून घोरत होती.

एकदोघी फिसकन हसल्या. विनीताने डोळे वटारले, पण तिलाही बरं वाटलं.

तेवढ्यात गडग्यापलीकडून कुकारा आला. "कूऽऽ!"

पेजेची वेळ झाली होती. सावित्रीची पापणीसुद्धा हलली नाही. विनीता तिला उठवायला वाकली, तर ईडाने तिचा हात धरला.

"उठवू नको."

"अगो, ते हाक मारतत."

"मारांदेत. मी बघतंय." ईडा उठली आणि अनवाणीच गडग्यापाशी गेली.

महादू दुसऱ्या कुकाऱ्यासाठी छाती भरत होता. ईडाला बघून थांबला. "ती खंय आसा?"

"निजली, महादूभावजी."

"सावित्री? निजली?"

"घोरता हा. ऐका."

दोघंही ऐकत राहिली. मांगरातून घोरणं इथवर येत होतं, संथ, एका लयीत. महादूने हा आवाज कधी ऐकला होता, हे त्याला आठवेना. रात्री कधीही हाक मारली तरी ती पहिल्या हाकेला "काय होया?" म्हणायची. तिची झोपच सावध, असं तो लोकांना कौतुकाने सांगायचा. आता त्याला कसंसंच झालं.

"पेज वाढून देव?" ईडाने विचारलं.

"नको. तू तुझो योग कर." मग खुर्चीखालच्या कुत्र्याकडे बघून तो हळू आवाजात म्हणाला, "पण ह्याका घेवन जा. हय कोणय इलो की भुंकता, ती उठात."

ईडा कुत्र्याला काखोटीला मारून मांगरात परतली. बायका पाय न वाजवता एकेक करून घरी गेल्या.

सावित्रीला जाग आली तेव्हा उन्हाची तिरीप तिच्या पोटावर आली होती. डोक्याखाली कोणाची तरी घडी घातलेली ओढणी होती. विनीता भिंतीला टेकून मोबाइल बघत बसलेली, तिच्या पायाशी कुत्रा.

"उठवलंस कित्याक नाय गो?" सावित्री धडपडत उठली. "त्यांची पेज रवली." उत्तराची वाट न बघता ती घराकडे धावली.

खळ्यात खुर्ची रिकामी होती. ती आत शिरली.

महादू स्वयंपाकघराच्या उंबरठ्यावर बसला होता. शेजारी पेजेचा टोप. शर्टावर शितं, हनुवटीवर शितं, जमिनीवर पेजेचं थारोळं आणि त्याला लागलेल्या मुंग्या. डाव्या खांद्यापासून कोपरापर्यंत भिंतीचा चुना लागलेला. डाव्या मुठीत अजून चमचा होता.

सावित्रीला राग आला आणि रडूही आलं. ती फडका भिजवून घेऊन आली आणि त्याची हनुवटी पुसू लागली.

"हाक मारूची नाय?"

तिच्या गालावर ओढणीच्या घडीचे वळ उठले होते, ते तो बघत राहिला.

"फाल्या सकाळी योगाक जाताना," तो म्हणाला, "लोणच्याची बरणी खालच्या फळयेर ठेवन जा. वर माझो हात पोचणा नाय."