समोर बसून लिहा

"हा निबंध तुमचा नाही." दमयंतीबाईंनी कागद टेबलावर आपटले. "नवऱ्यानं लिहून दिला ना?"

समोरच्या बाईनं पदर सावरला. "देवाशप्पथ सांगते बाई, त्यांनी एक अक्षर लिव्हलं नाय."

औरंगाबादच्या त्या कॉलेजात दमयंतीबाई मराठी शिकवायच्या आणि उसन्या निबंधांवर डोळ्यांत तेल घालून पहारा ठेवायच्या. पंचाहत्तर सालच्या त्या एका वर्षात त्यांनी तिघांना घरी बसवलं होतं. चौथं नाव करमाडच्या आशाबाईचं. ती बहिःस्थ विद्यार्थिनी, वर्गात एकदाही न आलेली. फॉर्मवर फोटोसुद्धा नव्हता. बायकांचे फोटो मागायची तिथं रीतच नव्हती. पण निबंध असा, की दहा वर्षांत बाईंच्या हाती तसा पडला नव्हता. म्हणूनच त्यांनी पत्र धाडून तिला बोलावून घेतलं होतं. चोरी ठरली की दोन वर्षं परीक्षा बंद, आणि गावच्या शाळेतली ठरलेली नोकरीही हातची जाणार.

"आता माझ्यासमोर बसून लिहा. पाठ केलेलं चालणार नाही. आज सकाळी घरून निघताना काय पाहिलंत, तेच लिहायचं."

"किती लिहू?"

"संपेपर्यंत."

बाईंनी दार लावलं, तिची पिशवी आपल्याकडे घेतली आणि खुर्ची ओढून समोरच बसल्या. आज सोक्षमोक्ष लावल्याशिवाय त्या उठणार नव्हत्या. मागवलेला चहा तसाच गार झाला.

तासाभरानं चार पानं पुढ्यात आली. पेटीतून काढलेली ठेवणीतली साडी, दंडात काचणारं पोलकं, घाईत करपलेली भाकरी, तापलेलं पोर कडेवर घेऊन उंबऱ्यात उभी राहिलेली जाऊ, आणि 'नीट जा' म्हणताना कापलेला तिचा आवाज. अक्षर तेच, धाटणीही तीच. वाचता वाचता बाईंचे डोळे भरून आले. एवढ्या गुणाच्या बाईला आपण चोर म्हणालो, याची त्यांना मनापासून लाज वाटली.

त्यांनी तिथल्या तिथं दाखला लिहिला: 'लेखन विद्यार्थिनीचे स्वतःचे आहे. समोर बसवून खात्री केली.' खाली सही केली, शिक्का मारला.

"ह्याच्यात आता फेरबदल व्हायचा नाय ना, बाई?"

"माझी सही आहे ती. प्राचार्य आले तरी बदलणार नाही." बाई उठून तिच्याजवळ गेल्या. "चुकलं माझं, आशाबाई. तुम्ही पुढं एम.ए. कराच. फॉर्म मी भरते. सासरचे नाही म्हणाले तर त्यांची गाठ माझ्याशी आहे."

तिनं आपली पिशवी परत घेतली आणि दाखल्याची घडी घालून आत ठेवली. दारापर्यंत गेली आणि कडीला हात लावून थांबली. इतका वेळ खाली घातलेली मान तिनं पहिल्यांदाच वर केली.

"मी कसं एम.ए. करू, बाई? मला तर नववीतच शाळेतून काढलं. आशा माझी धाकटी जाऊ."