वाकलेली पेनी

"आधी राजाचं तोंड विसर," लेनर्ड म्हणाला. "नवशिके तिथेच फसतात. हेन्री काय नि एडवर्ड काय, साच्यातले सगळे राजे सख्खे भाऊच दिसतात. नाणं उलटं कर. क्रूस कुठवर गेलाय?"

"काठापर्यंत," डोरीनने चष्मा सावरत सांगितलं.

"म्हणजे नंतरची. आधी क्रूस आखूड असायचा. लबाड लोक काठाची चांदी कातरून घ्यायचे, म्हणून तो पार काठाला नेऊन भिडवला. आता अक्षरं लाव, टाकसाळीचं गाव कळेल."

डोरीन बोट ठेवून एकेक अक्षर लावत बसली. इंग्लंडच्या सफक परगण्यात, लेनर्ड आणि त्याच्या भावाच्या शेतघरात दर रविवारी दुपारी ही शिकवणी चाले. सत्तरी ओलांडल्यावर हिला हातघडणीच्या जुन्या पेन्यांचा नाद लागला, याचं गावाला हसू येई. लेनर्डला मात्र तिची कीव येई.

तिचा मुलगा कीथ विशीच्या आत नाहीसा झाला होता. लंडनला पळाला असेल, म्हणून पोलिसांनी हात झटकले. शोधायला सारा गाव लोटला होता आणि सगळ्यांच्या पुढे होता लेनर्डचा थोरला भाऊ सिरिल. स्वतःच्या शेताचा कोपरान् कोपरा त्याने एकट्याने पालथा घातला होता. काही मिळालं नाही. पोरगं आहे की गेलं, एवढं तरी कळू दे, हे एकच मागणं घेऊन बाई दिवस काढत होती. चांदीच्या तुकड्यांत तिचा जीव रमला, तर बरंच की.

पण तिची तऱ्हाच न्यारी. नाण्यांच्या बाजारात चांगल्या लख्ख पेन्या सोडून ही वाकड्या तेवढ्या उलटसुलट करून बघायची. विकत एकही घ्यायची नाही. म्हणून तर लेनर्डने आज तिच्यासाठी एक गंमत काढून ठेवली होती.

स्वयंपाकघरात सिरिल चहा करत होता. लेनर्डने ते दार हळूच लोटून घेतलं.

"त्याला सांगू नकोस हं. बागेत धातू शोधायचं यंत्र फिरवू देत नाही मला. मुळं दुखावतात म्हणे! म्हाताऱ्याचा जीव अडकलाय त्या झाडांत. गेल्या हिवाळ्यात हर्नियासाठी इस्पितळात होता ना, तेव्हा मी हात मारून घेतला. जुन्या नासपतीखाली."

त्याने पेनी तिच्या तळहातावर ठेवली. वाळल्या पानासारखी मधोमध दुमडलेली. डोरीनने ती बघितली. मग चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"सांग बघू."

"लांब क्रूस. चारही घरांत तीन-तीन ठिपके. टाकसाळ 'बरी सेंट एडमंड्स' गावची." एका दमात सांगितलं तिने.

"शाब्बास! आता मला मागे टाकणार तू."

"आणि वाकली कशी?"

हा लेनर्डचा आवडता भाग. "पूर्वी लेकरू आजारी पडलं की आई त्याच्या कपाळावर पेनी धरून संताला नवस बोलायची नि ती वाकवायची. वाकवलेली पेनी खर्चायची नाही, ती संताची. सातशे वर्षांपूर्वी कुणा माउलीने…" त्याने पेनीच्या काठाकडे बोट दाखवलं. "काठावर हे बारीक दात आहेत ना, ते नांगराचे."

"बागेत नांगर?"

"फिरला असेल कधीतरी."

"पक्कडीचे आहेत ते," डोरीन म्हणाली.

"काय?"

"कीथला मेंदूज्वर झाला होता. आठ वर्षांचा होता. पेनी त्यालाच सापडलेली, चर्चमागच्या वावरात. आजी सांगायची ते आठवलं, म्हणून त्याच्या कपाळावर धरली. हात इतके कापत होते, वाकेचना. मग नवऱ्याची पक्कड आणली." तिने मूठ मिटली. "वाचला माझा पोरगा. चामडी पिशवीत घालून गळ्यात बांधली होती मी. आंघोळीलासुद्धा काढायचा नाही."

  मागे कपबश्या किणकिणल्या, तशी लेनर्डने मान वळवली.

दारात ट्रे घेऊन सिरिल उभा होता. केव्हापासून, कोण जाणे. त्याने डोरीनकडे बघितलं नाही, तिच्या मुठीकडेही नाही.

"किती खोल खणलंस, लेन?"