तांदळाच्या डब्यातलं पत्र

तंजावूरच्या मराठी मंडळाचे अध्यक्ष माईकसमोर गहिवरले, तशी विनुताच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांना देवनागरी वाचता येत नाही, म्हणून हे मराठी भाषण तिनेच तमिळ अक्षरांत लिहून दिलं होतं. त्यात तिच्या आईची हकीकत होती: वडिलांचं शेवटचं मराठी पत्र वाचता येईना, हे कुणाला सांगायचीही लाज, म्हणून तिने ते चाळीस वर्षं तांदळाच्या डब्यात तसंच जपलं. आणि हा गृहस्थ ती खुशाल स्वतःच्या आईच्या नावावर खपवत होता! सभागृह डोळे पुसत होतं. "अम्मा, ऊठ! तुझी हकीकत आहे, सांग सगळ्यांना," ती शेजारी बसलेल्या आईवर खेकसली. आईचे डोळे कोरडे होते. "माझी कुठे? पत्र वडिलांचं नव्हतं गे, माझ्या आईचं होतं. दहादा सांगितलं तुला. दर वेळी तू मोबाइल बघतच 'हूं' म्हणालीस."